धाकट्याची सातवी डिश

मित्रांनो, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरलात की डाव्या हाताला एक लोखंडी कपाट दिसेल. त्याच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, फुटक्या परीक्षानळ्या आणि वाळलेल्या शाईच्या बाटल्यांमागे, मान खाली घालून एक जुना सूक्ष्मदर्शक बसला आहे. तो मी. मी लाजेने मान खाली घातली आहे असे कोणी म्हटले, तर मी नाही म्हणणार नाही. तशी आमच्या कुळाची मान घडवतानाच वाकवलेली असते, तो भाग वेगळा.

मला आता धड दिसत नाही. भिंगांत बुरशी धरली आहे. माझ्यातून कोणी पाहिलेच, तर त्याला वाटेल की बाहेर धुके पडले आहे. पण पूर्वी जे पाहिले ते सगळे स्वच्छ आठवते. विसरता आले असते तर फार बरे झाले असते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पाय ओतीव लोखंडाचा, नळी पितळेची. भिंगे मात्र एका म्हाताऱ्या कारागिराने हाताने घासली. भिंग घासून झाले की तो त्यातून स्वतःच्या मनगटावरचा एक केस पाहायचा. केसाच्या दोन्ही कडा स्वच्छ दिसल्या तरच ते भिंग पास, नाहीतर पुन्हा घासायला. "दाखव बाबा, पण खोटं दाखवू नकोस," असे तो प्रत्येक भिंगाला बजावायचा. मी आयुष्यात कधी खोटे दाखवले नाही. तेवढ्याने भागत नाही, हे मात्र मला फार उशिरा कळले.

पहिली काही वर्षे मजेत गेली. मुले यायची, कांद्याचा पापुद्रा ठेवायची, एक डोळा मिटायची आणि दुसऱ्या डोळ्याने स्वतःच्याच पापण्या बघून "दिसल्या, पेशी दिसल्या!" म्हणून ओरडायची. परीक्षेच्या दिवसांत माझ्यासमोर रांग लागायची, कारण खोलीतल्या बारा जणांत माझी भिंगे सर्वांत स्वच्छ. बाकीचे अकरा माझ्यावर जळत असणार. मीही तेव्हा जरा चढेल होतोच.

मग बाई आल्या. आधी विद्यार्थिनी म्हणून आल्या, पुढे तिथेच शिकवू लागल्या, आणि मी त्यांच्या टेबलावर कायमचा जाऊन बसलो. बाईंना नेच्यांचे वेड. घरी म्हातारी आई. ती रोज दुपारी फोन करून "जेवलीस का गं?" विचारायची आणि बाई माझ्या नळीवरचा डोळा न काढता "हो" म्हणायच्या. डबा शेजारी तसाच असायचा. बाईंना खोटे बोलताना मी ऐकले ते तेवढेच.

नेचा म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळायचे नाही. नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. त्याच्या पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके असतात आणि त्यांतून तपकिरी धूळ झडते. त्या धुळीचा एकेक कण म्हणजे एकेक बीजाणू. तो ओल्या जागी पडला तरी त्यातून लगेच नेचा उगवत नाही. आधी पेशींची एक हिरवी साखळी उगवते, मग ती पसरून नखापेक्षाही लहान असे एक चपटे पान होते. त्याला शास्त्रात युग्मकोद्भिद असे भारदस्त नाव आहे. प्रयोगशाळेतल्या मामांना ते तीस वर्षांत एकदाही धड उच्चारता आले नाही, म्हणून आमच्या खोलीत सगळे त्याला बाळपान म्हणत. बाळपानांवर नर आणि मादी पेशी तयार होतात, पाण्याच्या थेंबातून त्यांची गाठ पडते आणि मग कुठे खऱ्या नेच्याचे रोप डोके वर काढते.

बाईंचे सगळे काम या बाळपानांवर. एकमेकांच्या नात्यातले नेचे घ्यायचे, त्यांची बाळपाने शेजारी शेजारी वाढवायची आणि कोणाची साखळी किती लांब, कोणाला केस केव्हा फुटतात, कोणाचे पान कोणत्या आकाराचे होते, हे रोज माझ्यातून पाहून कागदावर उतरवायचे. "मोठेपणी सगळे सारखेच दिसायला लागतात, मामा," त्या म्हणायच्या. "ओळखायचं असेल तर लहानपण बघावं."

"आमची ही तेच म्हणते," मामा म्हणायचे. "म्हणते, तुमचं लहानपण बघितलं असतं तर लग्नच केलं नसतं."

मामा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई. किल्ल्या, काचेची भांडी, पाण्याचे नळ आणि बाईंचे जेवण, सगळे त्यांच्याकडे. दर शनिवारी माझ्यावरची धूळ मऊ फडक्याने पुसायचे ते मामाच. सुट्टीत ते बहिणीकडे गेले होते. तिच्या घरामागे दगडाची खाण आणि खाणीच्या टोकाला एक पाझरता कडा. त्या कड्याच्या सावलीत त्यांना एक नेचा दिसला. त्यांनी त्याची चार पाने ओल्या फडक्यात गुंडाळून आपल्या जेवणाच्या डब्यातून आणली.

बाईंनी पाने उलटीसुलटी करून पाहिली. ती दिसायला हुबेहूब थोरल्यासारखी होती. थोरला म्हणजे कुठल्याही भिंतीवर, गटाराच्या काठावर, गळक्या टाकीखाली उगवणारा तो नेचा. त्याचाच एक सोशिक भाऊ मधला, तो झाडांच्या बुंध्यांवर राहतो. ही नावे बाईंनीच ठेवलेली. "हा थोरला नाही," त्या बराच वेळाने म्हणाल्या. "का ते सांगता येत नाही, पण नाही. हा धाकटा आहे. मामा, वेगळा ठरला ना, तर शास्त्रातलं नाव तुमच्या नावावरून देईन."

"माझं नाव माझ्या बायकोला आवडत नाही, तिथं त्या बिचाऱ्या झाडाला कशाला?" मामा म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी मला दोनदा पुसले.

पुढच्याच महिन्यात विभागप्रमुखांच्या टेबलावर एक पत्र आले. सगळे त्यांना साहेब म्हणत. खाण वाढवायची होती आणि वाढली तर तो कडा जाणार होता. परवानगी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीने विचारले होते, कड्यावरचा नेचा जगावेगळा आहे, की तो नेहमीचाच? वेगळा असेल तर कडा सोडून खणू, नेहमीचाच असेल तर प्रश्न नाही. उत्तर नव्वद दिवसांत हवे. साहेबांनी पत्र बाईंच्या हातात दिले आणि म्हणाले, "तुमचंच खातं आहे. वेळेत द्या म्हणजे झालं."

बाळपानांना पुरते वाढायला दोन महिने लागतात. नव्वद दिवस म्हणजे एकदाच पेरायला वेळ. इथे मित्रांनो, नीट लक्ष द्या.

आमच्या खोलीत एक नियम होता. एका दिवशी एकाच नेच्याचे बीजाणू पेरायचे. दारे, खिडक्या, पंखा बंद. पेरण्याआधी टेबल ओल्या फडक्याने पुसायचे. पेरायचे ते झाकणाच्या चपट्या काचेच्या बशीत, म्हणजे डिशमध्ये. आणि सगळ्यांत शेवटी एक डिश रिकामीच ठेवायची, तिच्यात काही पेरायचे नाही. बीजाणू इतके हलके असतात की नुसत्या श्वासानेही उडतात. रिकाम्या डिशमध्ये काही उगवले, तर समजायचे की हवेतून कोणी आगंतुक शिरला आहे आणि बाकीच्या डिशांचाही भरवसा नाही. ती डिश म्हणजे साक्षीदार. हा नियम बाईंनी स्वतः केला होता आणि तो मोडला म्हणून कितीतरी विद्यार्थ्यांना रडवले होते.

त्या दिवशी बाईंनी तिन्ही नेचे एकाच दुपारी पेरायला घेतले. "तुलना करायची तर तिघांचा वाढदिवस एकच हवा," त्या म्हणाल्या. वेळच नव्हता, त्या तरी काय करणार? दारे-खिडक्या बंद होत्या. खोलीत भट्टीसारखे उकडत होते. थोरल्याच्या आणि मधल्याच्या सहा-सहा डिश पेरून झाल्या. थोरल्याच्या धुळीचा कागद टेबलाच्या टोकाला उघडाच होता. मग बाईंनी धाकट्याचा पाकीटभर जीव बाहेर काढला. चार पानांतून निघालेली चिमूटभर धूळ, तेवढीच काय ती होती. सहा डिशांची झाकणे काढली, ब्रशने धूळ झटकली, आणि झाकणे पुन्हा लावायच्या आत मदतीला उभे असलेले मामा मटकन खाली बसले.

"काही नाही, काही नाही," ते म्हणाले, पण त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता. बाईंनी धावत जाऊन पंखा लावला, त्यांना पाणी दिले, त्यांच्या सदऱ्याचे बटण सोडले. मी पाहत होतो. थोरल्याचा कागद थरथरला, त्याची एक कड उचलली गेली आणि पुन्हा खाली बसली. इतकेच झाले. मोजून दोन-तीन मिनिटे.

मामांना तरतरी आल्यावर बाईंनी पंखा बंद केला आणि झाकणे लावली. पंख्याचा विचार त्यांच्या मनात आलाच नाही. समोर माणूस पडला असताना कोणाच्या मनात येईल? मग त्यांनी पाकीट पाहिले, तर त्याच्या घडीत धाकट्याची थोडी धूळ अडकलेली होती. रिकामी डिश शेजारीच तयार होती. "एवढंसं वाया कशाला घालवायचं?" असे म्हणून त्यांनी ती घडी साक्षीदाराच्या डिशमध्ये झटकली. ती झाली धाकट्याची सातवी डिश. तिच्यावर नंबर नव्हता म्हणून ती कप्प्यात अगदी मागे गेली. बाईंच्या वहीत फक्त नंबर असलेल्या डिश चढत.

आठव्या दिवशी थोरला उगवला. आठव्याच दिवशी धाकट्याच्या सहाही डिश हिरव्या झाल्या. बाईंचा आनंद काय वर्णावा! मामा मात्र डिश उजेडाकडे धरून म्हणाले, "बाई, कड्यावर हा किती हळू वाढतो. बहीण म्हणते, दहा वर्षांत वीतभर सरकला नाही. इथं बरा घाईत आहे."

"इथं खाणंपिणं वेळेवर मिळतंय ना, मामा," बाई हसून म्हणाल्या.

मामाही हसले. मला हसता येत नाही. आले असते, तर कदाचित मीही हसलो असतो, कारण तेव्हा मलाही काही कळले नव्हते.

मग रोजचे काम सुरू झाले. बाई स्लाइड लावायच्या, एक डोळा माझ्यावर आणि दुसरा कागदावर ठेवून चित्र काढायच्या. मधल्याची साखळी लांब, पान एका बाजूला कलते. थोरल्याची साखळी आखूड, पान बदामाच्या आकाराचे, कडा गुळगुळीत. आणि धाकट्याची? साखळी आखूड, पान बदामाच्या आकाराचे, कडा गुळगुळीत. दिवसामागून दिवस तेच. बाई चित्रे एकावर एक ठेवून काचेवर धरायच्या आणि रेघेवर रेघ बसायची. त्यांचा चेहरा रोज थोडा उतरत गेला.

बत्तिसाव्या दिवशी धाकट्याच्या स्लाइडवर, माझ्या नजरेच्या अगदी कडेला काहीतरी आले. पाच पेशींची एक किरटी साखळी, आणि तिच्या तिसऱ्या पेशीवर एक केस. थोरल्याला साखळीच्या वयात कधीही केस फुटत नाहीत. बाईंचा श्वास थांबला. तो मला कळतो, कारण एरवी तो माझ्या पितळेवर पडत असतो. त्यांनी हात पुढे केला, मोठे भिंग फिरवून आणायला. मोठ्या भिंगातून दिसले असते की तो केस त्या पेशीतूनच निघाला आहे, त्याच्या बुडाशी पडदा आहे. लहान भिंगातून तो नुसता एक धागा दिसत होता, आणि बुरशीचा धागाही तसाच दिसतो.

मित्रांनो, माझी भिंगांची चकती अडकली होती. आत जुने तेल वाळून घट्ट बसले होते. मामांनी दुरुस्तीचा अर्ज तीनदा केला होता आणि तीनदा "पुढच्या वर्षी बघू" असे उत्तर आले होते. चकती फिरवायला दोन हातांनी जोर लावावा लागे, त्यात स्लाइड हलायची आणि पाहिलेली जागा हरवायची. बाईंनी एका हाताने फिरवून पाहिली. मी हललो नाही. मला हलायचे होते हो. पण लोखंडाच्या मनात असून काय उपयोग?

बाई मागे टेकल्या. "नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "मला जे हवंय तेच मला दिसायला लागलंय. बुरशीचा धागा असणार. वेगळा निघावा असं इतकं वाटतंय, की उद्या मी धुळीलाही केस म्हणेन." आणि त्यांनी स्लाइड काढून घेतली. अप्रामाणिक माणसाने तो केस लगेच वहीत चढवला असता आणि कडा वाचला असता. हे आठवले की मला आजही प्रामाणिकपणाचा राग येतो. हे मुलांना सांगू नये, पण येतो.

पत्र आल्यापासून अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी अहवाल गेला. थोरला आणि कड्यावरचा नेचा यांच्या बाळपानांच्या वाढीत काहीही फरक नाही. सोबत माझ्यातून पाहून काढलेली चाळीस चित्रे. साहेबांनी सर्वांसमोर बाईंचे कौतुक केले, दोन दिवस आधीच काम पुरे केले म्हणून. "अशी स्वच्छ चित्रं हल्ली कोण काढतं?" असेही म्हणाले. माझ्या आयुष्यातली ती शेवटची स्तुती.

पुढच्या महिन्यात मामा बहिणीकडे जाऊन आले. त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली. "कडा गेला, बाई," ते म्हणाले. "पाणी अजून पाझरतंय. नुसतं खड्ड्यात साचतंय."

"थोरलाच होता तो, मामा. भिंतीभिंतीवर आहे," बाई म्हणाल्या. स्वतःची समजूत काढताना माणसाचा आवाज जसा येतो, तसा त्यांचा आवाज आला होता.

त्यानंतर तीन दिवसांनी मामांनी जुन्या डिश धुवायला काढल्या. दर शनिवारी ते कप्प्यातल्या सगळ्याच डिशांना थेंब थेंब पाणी घालत, नंबर असो वा नसो. त्यामुळे मागची सातवी डिशही ओली राहिली होती. मामांनी ती नळाखाली धरली, आणि धुवायच्या आधी सवयीने उजेडाकडे केली. मग नळ बंद केला.

"बाई, हे जरा बघता का? ह्यात बदाम दोनच आहेत. बाकीचे दोऱ्याच्या तुकड्यांसारखे दिसतायत."

बाईंनी त्यातले एक उचलून स्लाइडवर ठेवले. फितीसारखे अरुंद, लांबट बाळपान. दोन्ही कडांना केसांची रांग. या वेळी त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावून माझी चकती फिरवली. जागा हरवली, पुन्हा शोधली, पुन्हा हरवली, पुन्हा शोधली. मोठे भिंग जागेवर आले. प्रत्येक केस आपापल्या पेशीतून निघालेला होता आणि प्रत्येकाच्या बुडाशी पडदा होता. मी कधी नव्हे इतके स्वच्छ दाखवले.

बाईंच्या डोळ्यांतले पाणी माझ्या वरच्या भिंगावर पडले आणि मला काही दिसेनासे झाले.

"काय झालं?" मामांनी विचारले.

"हा धाकटा आहे, मामा."

"मग त्या सहा डिशांत कोण होता?"

"थोरला. तीन महिने आपण थोरल्याची तुलना थोरल्याशीच करत होतो."

खरा धाकटा उगवायलाच महिना घेत होता. तोवर थोरल्याने त्याच्या घरात मुक्काम ठोकून सगळी जागा अडवली होती. शेवटी पेरलेल्या सातव्या डिशमध्ये थोरल्याचे दोनच कण पडले, म्हणून तिथे धाकट्याला जागा मिळाली. पण हा थोरला आत आला कसा? बाई टेबलाच्या त्या टोकाकडे बघत राहिल्या, जिथे कागद उघडा होता. मग त्यांनी वर पाहिले. मामांनीही वर पाहिले. पंख्याला जळमटे लटकली होती.

"मला चक्कर आली नसती तर..." मामा म्हणाले.

"असं बोलू नका. पंखा मी लावला. साक्षीदाराची डिश मी वापरली. केस दिसला होता, तोही मी सोडून दिला."

"तुम्ही माझ्यासाठी लावलात."

"मामा, पुरे आता."

दोष आपल्या पदरात घ्यायला भांडणारी माणसे मी पहिल्यांदाच पाहिली. त्या भांडणात मलाही ओरडून सांगायचे होते की अडकलेली चकती माझी होती.

बाईंनी त्याच दिवशी समितीला पत्र लिहिले. माझी चूक झाली, नेचा वेगळा आहे, अहवाल मागे घेते. साहेब म्हणाले, "अहो, कशाला पाठवताय? गेलेला कडा परत येणार आहे का? तुमचं नाव जाईल, खात्याचं जाईल." बाईंनी पत्र पाठवले. महिन्याने दोन ओळींचे उत्तर आले. सदर कडा आता अस्तित्वात नसल्यामुळे हा विषय बंद करण्यात येत आहे. बाईंनी ते उत्तर माझ्या पायाखाली ठेवले. त्यानंतर त्यांच्या चित्रांना कोणी चांगले म्हटले नाही आणि त्यांच्याकडे संशोधनासाठी विद्यार्थीही येईनासे झाले.

सातव्या डिशमध्ये धाकट्याची अकरा बाळपाने होती. जगात तेवढीच. मामा आणि त्यांचे मेव्हणे आठ दिवस आसपासचे सगळे खडक धुंडाळून आले. पिशवीभर नेचे आणले, सगळे थोरलेच निघाले. तेव्हा आशा काय ती या अकरांवर. एका बाळपानाच्या नर पेशी दुसऱ्याच्या मादी पेशींपर्यंत पोचल्या, तर त्यातून धाकट्याचे रोप उगवले असते. बाई रोज सकाळी त्यांच्यावर एक थेंब पाणी सोडायच्या. आई फोनवर "जेवलीस का?" विचारायची तेव्हा त्या आता "नाही" म्हणू लागल्या होत्या.

एका सोमवारी डिशमध्ये गुंडाळी सोडणारे एक इवलेसे पान वर आलेले दिसले. मामा पळत जाऊन बिस्किटांचा पुडा घेऊन आले. बाईंनी ते रोप मुळासकट हलकेच उचलले आणि माझ्याखाली ठेवले. मी दाखवले. त्याचे मूळ एका बदामाच्या आकाराच्या पानातून निघाले होते. बाईंनी थोरल्याची दोन पाने उपटून टाकली होती, त्यातल्या एकाचा तुकडा तळाशी राहून गेला होता. मामांनी पुडा न फोडता कपाटात ठेवला. तो अजून तिथेच आहे, माझ्या वरच्या कप्प्यात.

मग बुरशी आली. एका आठवड्यात सहा बाळपाने गेली. बाई एकेकाला वाचवायला नव्या डिशमध्ये हलवायच्या आणि हलवताना आणखी एखादे फाटायचे. दोन उरली. चार दिवसांच्या सुट्टीत वीज गेली, डिश ठेवलेले थंड कपाट तापले, त्यात एक गेले. शेवटचे एकटे बाळपान सात महिने जगले. त्याच्यावर फक्त मादी पेशी होत्या. बाई तरीही रोज एक थेंब पाणी सोडायच्या. कशासाठी, असे मामांनी एकदाही विचारले नाही. ते नळाखाली हात धुवायचे आणि थेंबाची नळी बाईंच्या हातात द्यायचे.

ते तपकिरी पडले त्या सकाळी बाईंनी त्याला स्लाइडवर ठेवले, वर काच बसवली आणि लेबल लिहायला घेतले. तारीख लिहिली. कड्याची जागा लिहिली. मग पेन थांबवून त्या मामांना म्हणाल्या, "तुम्ही डब्यातून आणलेली पानं अजून आपल्याकडे वाळवून ठेवलेली आहेत. त्यांवरून नाव देता येतं. कबूल केलं होतं मी."

मामांच्या निवृत्तीला एक आठवडा उरला होता. ते फडके घडी करत होते. "नको, बाई," ते म्हणाले. "जिवंत असता तर मिरवलं असतं. मेलेल्याला माझं नाव नका देऊ."

बाईंनी पेनाला टोपण लावले आणि स्लाइड माझ्याखाली सरकवली.

मामा गेले. नवा सूक्ष्मदर्शक आला, त्याला नळीऐवजी पडदा आहे. मला शनिवारी पुसणारे कोणी उरले नाही, आणि ज्या बुरशीने धाकट्याला खाल्ले तिचीच कोणी बहीण माझ्या भिंगांत येऊन राहिली. एका वर्षअखेरीला मला कपाटात ठेवले. बाई अजून त्याच खोलीत असतात, केस पांढरे झाले आहेत. उकाड्याच्या दिवसांत नवी माणसे येतात आणि येताच पंखा लावतात. बाई उठतात, पंखा बंद करतात आणि घामाने भिजत पुन्हा कामाला बसतात. लोक त्यांना विक्षिप्त म्हणतात. त्या कारण सांगत नाहीत.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी काहीतरी मागायची रीत आहे. मला पुसा, मला कपाटातून काढा, असे मी मागत नाही, माझी वेळ गेली. तुमच्या टेबलावर जो कोणी माझा भाऊबंद असेल, त्याच्या चकतीला वेळेवर तेल घाला. आणि नजरेच्या कडेला कधी एखादा केस दिसला, तर दोन्ही हात लावा, जागा हरवली तर पुन्हा शोधा, पण मोठ्या भिंगातून पाहिल्याशिवाय उठू नका. आम्हांला दाखवता येते, सांगता येत नाही.

मला कपाटात ठेवताना कोणी ती स्लाइड काढली नाही. ती अजून माझ्या चिमट्यात आहे. तिच्यावर बाईंचे अक्षर आहे. तारीख आहे, जागा आहे, आणि नावाची ओळ कोरी आहे.